बेसच्या खोक्यात सुटलेला भाग कसा बसवावा

सोलापुरातून मोहोळ, बार्शी किंवा अक्कलकोटकडे टेम्पोतून ये-जा करणाऱ्या बेसच्या खोक्यात काही महिन्यांनी खडखड सुरू होते आणि बहुतेक जण पहिला संशय स्पीकरवरच घेतात. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) आणि त्यामागची व्हॉइस कॉइल बदलून आणल्यावरही खडखड तशीच राहते, कारण दोष स्पीकरच्या मागे, खोक्याच्या पोटात असतो. तिथे क्रॉसओव्हरची, म्हणजे जाड आणि बारीक सूर वेगळे करणाऱ्या सर्किटची, जड कॉइल बुडातून सुटलेली असते किंवा दोन भिंतींना जोडणारी आडवी पट्टी, जिला सुतार ब्रेसिंग म्हणतात, तिचा जोड उकललेला असतो.

खोका उघडण्याआधी दोष कानाने आणि हाताने शोधावा. मोबाईलवरील टोन जनरेटरमधून ३० ते १५० हर्ट्झपर्यंतचा सूर अगदी कमी आवाजात, सावकाश चढवत न्यावा. सुटलेला भाग साधारणपणे एका ठरावीक सुरालाच खडखडतो आणि त्याच्या वर-खाली गप्प राहतो. तो सूर सापडला की तिथेच थांबून जाळी, हँडल, मागची जॅक प्लेट आणि प्रत्येक भिंत तळहाताने दाबून पाहावी. जाळी किंवा हँडल दाबताच आवाज थांबला, तर स्क्रू आवळून काम संपते. त्यानंतर ॲम्प्लिफायर बंद करून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारख्या दाबाने हलकेच आत ढकलावा. घासल्यासारखे जाणवले तर व्हॉइस कॉइलचा दोष आहे आणि पुढील दुरुस्ती त्यासाठी नाही.

उघडताना सर्व वायरी काढून खोका पाठीवर आडवा करावा. खाली घडी घातलेली सोलापुरी चादर अंथरावी आणि स्पीकर ठेवण्यासाठी शेजारी दुसरी चादर तयार ठेवावी. १५ किंवा १८ इंची स्पीकर एकट्याने उचलू नये. चुंबक स्क्रू ड्रायव्हरला ओढून घेते आणि एका निसटत्या फटक्यात कोन फाटतो, म्हणून शेवटचे दोन स्क्रू काढताना दुसरा हात ड्रायव्हरच्या दांडीवर असू द्यावा. वायरी सोडवण्यापूर्वी कोणती वायर कोणत्या टोकाला आहे याचा फोटो काढावा, आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन कोणत्या दिशेला हलतो तेही लिहून ठेवावे. खोक्यातच ॲम्प्लिफायर असेल तर प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्यामुळे तो भाग जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावा.

मोहोळहून माझ्याकडे आलेल्या एका खोक्यात कॉइलच्या बुडाशी ग्लू गनच्या गोंदाची पिवळी चकती तशीच चिकटून होती, आणि कॉइल मात्र आपल्याच दोन तारांवर लोंबकळत होती. प्लायवर तिने घासून चंद्रकोरीसारखा खळगा पाडला होता. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, बंद टेम्पो त्याहून तापतो आणि वाजताना कॉइल स्वतःही गरम होते. अशा उष्णतेत मऊ पडणाऱ्या गोंदावर एवढे वजन टांगणे मला मान्य नाही. वजन लाकडाने आणि पट्ट्याने पेलावे, गोंदाने फक्त थरथर शोषावी.

म्हणून जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा. कॉइलच्या तारेवरील लाखेचा थर घासून तांबे उघडे पडले असेल, तर एखाद्या वेढ्यावर इन्सुलेशन वार्निश लावून भागते, पण वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असतील तर कॉइल बदलावीच लागते. कॉइल ज्यावर बसते त्या क्रॉसओव्हरच्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी छिद्रे पाडून रुंद केबल टायचे दोन पट्टे एकमेकांना आडवे असे ओढावेत. बुडाशी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावावे. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांब्याला गंज आणते, ते इथे नको. मधोमध हवा असलेली कॉइल लोखंडी बोल्टने कधीही आवळू नये, कारण लोखंडामुळे तिचे इंडक्टन्स, म्हणजे सूर अडवण्याचे माप, बदलते. पितळी किंवा नायलॉनचा बोल्ट चालतो. लोंबकळल्याने सोल्डरचे टोकही कमकुवत झालेले असते, तेव्हा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला, तडकलेला जोड) दिसो वा न दिसो, दोन्ही टोके नव्याने सोल्डर करावीत.

ब्रेसिंग सुटले असेल तर जोडावरची चकाकणारी जुनी फेविकॉलची पापडी पॉलिश पेपरने घासून कोरे लाकूड दिसेपर्यंत काढावी, कारण वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. नवा गोंद लावून क्लॅम्पने दाब द्यावा, बारीक भोक पाडून मगच स्क्रू घालावा आणि २४ तास खोका हलवू नये. भिंत १८ मिलिमीटरची असेल तर आतून मारलेला स्क्रू तिच्यात १५ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. फट मोठी असल्यास भुसा आणि फेविकॉलची लापशी भरता येते, पण ती जोडाचे काम करीत नाही, फक्त हवा अडवते.

स्पीकर परत बसवण्यापूर्वी कडेची फोमची पट्टी तपासावी, दबून कडक झाली असेल तर नवी लावावी. हवा निसटली की फुसफुस होते, आणि तीही खडखडीसारखीच ऐकू येते. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. सेल लावून कोन पूर्वीच्याच दिशेला हलतो ना ते पाहावे, मग जो सूर पूर्वी खडखडत होता तोच पुन्हा वाजवून ऐकावा. नवी फोमची पट्टी पहिल्या दोन कार्यक्रमांत दबते आणि स्क्रू पाव फेरा सैल होतात, तेव्हा ते एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.