तत्त्वज्ञानाच्या प्रवेशासाठी मुलाखत: तयारी कशी करावी

तत्त्वज्ञानाच्या पदवीला प्रवेश देण्याआधी काही विद्यापीठं मुलाखत घेतात. त्यांतली सर्वांत परिचित नावं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची. तिथल्या मुलाखती बहुतेक डिसेंबरात होतात, एकेक साधारण वीस ते तीस मिनिटांची असते आणि एकाहून जास्त होऊ शकतात. समोर बसलेले प्राध्यापक बहुधा पुढे तुम्हाला शिकवणारेच असतात. या विद्यार्थ्याशी दर आठवड्याला तासभर वाद घालण्यात अर्थ आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

शाळेत हा विषय शिकलेला असावा अशी अट सहसा नसते. त्यामुळे ‘कांट काय म्हणतो ते सांगा’ अशा धर्तीचे प्रश्न फार येत नाहीत. येतो एखादा साधा दिसणारा प्रश्न. तुम्ही उत्तर दिलंत की त्यावर आक्षेप येतो, आक्षेपाला उत्तर दिलंत की त्यावर पुन्हा आक्षेप. पहिल्या उत्तराला फारसे गुण नसतात. आक्षेप आल्यावर तुम्ही काय करता ते तोललं जातं. म्हणून तयारीचा वेळ वाटताना एक भाग वाचनाला आणि दोन भाग बोलण्याला द्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आणि भरपूर वाचून आलेला विद्यार्थी दुसऱ्या आक्षेपाला गप्प होतो.

व्याख्येचे प्रश्न

‘खोटं बोलणं म्हणजे काय?’ हा नमुना घ्या आणि तो शेवटपर्यंत ताणून बघा.

पहिला प्रयत्न: जे खरं नाही ते सांगणं. आक्षेप: घड्याळ मागे पडलंय हे ठाऊक नसलेल्या माणसाने चुकीची वेळ सांगितली, तर तो खोटं बोलला का? नाही. म्हणजे व्याख्येत नको ते शिरलं. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात (कायद्याच्या नव्हे, जुन्या तर्काच्या शास्त्रात) याला अतिव्याप्ती म्हणतात. दुरुस्ती: बोलणाऱ्याला स्वतःला जे खोटं वाटतं, ते सांगणं. पण रंगमंचावरचा नट ‘मी या राज्याचा राजा आहे’ म्हणतो तेव्हा त्याला ते खोटंच वाटत असतं. पुन्हा अतिव्याप्ती. तिसरी दुरुस्ती: स्वतःला खोटं वाटणारी गोष्ट समोरच्याला फसवण्याच्या हेतूने सांगणं.

इथे बहुतेक जण सुटकेचा नि:श्वास सोडतात, आणि मुलाखतकार पुढचं उदाहरण टाकतात. आरोपीचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांनी पाहिलंय हे त्यालाही माहीत आहे. तरी तो म्हणतो, ‘मी तिथे नव्हतोच.’ कुणी फसेल अशी त्याची अपेक्षासुद्धा नाही. मग हे खोटं बोलणं नाही का? आता दोष उलटा झाला, अव्याप्तीचा: आत हवं ते बाहेर राहिलं. इथून दोन वाटा फुटतात. फसवण्याचा हेतू काढून टाकायचा आणि त्याजागी ‘हे खरं आहे अशी हमी देत’ असं काहीतरी घालायचं. नट अशी हमी देत नाही, आरोपी देतो. किंवा ठाम राहायचं की हे खोटं बोलणं नव्हे, हा कोडगेपणा आहे, आणि मग लोक त्याला खोटं का म्हणतात त्याचा खुलासा करायचा. दोन्ही वाटा चालतात. वाट न निवडता दोन्हींच्या मध्ये उभं राहणं मात्र चालत नाही.

सरावासाठी रोज एक शब्द घ्या: वचन, खेळ, अपघात, धैर्य, चोरी, भेटवस्तू. पंधरा मिनिटं लावा. व्याख्या लिहा, दोन प्रतिउदाहरणं काढा (एक अतिव्याप्तीचं, एक अव्याप्तीचं), दुरुस्त करा आणि पुन्हा हल्ला करा. असे तीन फेरे पुरे. व्याख्या दोन ओळींच्या पलीकडे गेली, अपवादामागून अपवाद जोडावे लागले, तर ती टाकून नव्याने सुरुवात करा. ठिगळांच्या व्याख्येतून त्या गोष्टीबद्दल काही कळत नाही, आणि ‘हे सगळे अपवाद एकत्र का?’ या प्रश्नावर ती कोसळते.

विचारप्रयोग

फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेला ट्रॉलीचा प्रश्न आता इतका सर्वतोमुखी झालाय की तो जसाच्या तसा क्वचितच विचारला जाईल. पण सरावाला उत्तम. भरधाव ट्रॉली पाच जणांच्या दिशेने चालली आहे. खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर जाईल आणि तिथला एक जण मरेल. ओढाल का?

सगळ्यांत पहिली चूक म्हणजे पळवाट: ‘ब्रेक नाहीत का? ओरडून सांगता येणार नाही का?’ विचारप्रयोगातल्या अटी मुद्दाम घट्ट केलेल्या असतात, कारण एकच गोष्ट वेगळी काढून तपासायची असते. अटी सैल केल्यात तर तुम्ही प्रश्न सोडवलेला नसतो, टाळलेला असतो. त्याऐवजी आधी तुमचा कौल सांगा, एका वाक्यात. मग त्यामागचं तत्त्व शब्दांत पकडा, उदाहरणार्थ ‘जास्त जीव वाचतील ते करावं’. आणि मुलाखतकारांनी करण्याआधी तुम्हीच एक तपशील बदलून बघा. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी तेच केलं: खटका नाही, पुलावर एक धिप्पाड माणूस उभा आहे, त्याला ढकललं तर ट्रॉली थांबेल. गणित तेच, पाचाला एक. तुमचं तत्त्व खरं असेल तर ढकलायला हवं. मन कचरत असेल तर तीनच पर्याय उरतात: तत्त्व बदला, दोन प्रसंगांतला नैतिक फरक दाखवा, किंवा मनाचा कौल चुकीचा आहे हे मान्य करून ढकला. ‘फरक आहे’ एवढ्यावर कुणी सोडत नाही. ‘पुलावरच्या माणसाचा साधन म्हणून वापर होतो, रुळावरच्याचा होत नाही, तो तिथे नसता तरी पाच जण वाचलेच असते’ असं बोललात, तर पुढची दहा मिनिटं मजेत जातील.

याच पद्धतीने आणखी तीन-चार विचारप्रयोग घोळवा: एकेक फळी बदलत गेलेलं थिसिअसचं जहाज, रॉबर्ट नोझिक यांचं १९७४ सालचं अनुभवयंत्र (हवा तो अनुभव खऱ्यासारखा देणारं यंत्र, त्यात कायमचं शिराल का?), जॉन सर्ल यांची १९८० सालची चिनी खोली (चिनी न येणारा माणूस फक्त नियम पाळून चिनीत उत्तरं देतो, त्याला चिनी समजतं का?). ते कुणी मांडले हे पाठ असण्याला किंमत नाही. कुठला तपशील काढला की कौल फिरतो, ते ठाऊक असण्याला आहे.

तर्काची कोडी आणि उतारे

काही ठिकाणी छोटं तर्ककोडं देतात. पीटर वेसन यांचं १९६६ चं पत्त्यांचं कोडं नमुन्यादाखल करून बघा. टेबलावर चार पत्ते आहेत: आ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेलाय का हे पाहायला कमीत कमी कोणते पत्ते उलटाल? बरेच लोक ‘आ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘आ’ आणि ‘७’. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम अंकामागे स्वरच हवा असं नियम म्हणतच नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला. उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. पण ‘चारचा पत्ता कशाला?’ असं विचारल्यावर स्वतःची चूक स्वतः शोधता यायला हवी. ‘जर–तर’ उलटं करता येत नाही, एवढं अंगवळणी पडलं की अर्धा तर्क आला.

उतारा दिला असेल तर वाचायला बहुधा थोडाच वेळ मिळतो. सुरुवातीपासून रेघा मारत सुटू नका. आधी निष्कर्ष शोधा. तो शेवटीच असतो असं नाही, अनेकदा पहिल्याच वाक्यात असतो. मग आधारविधानांना क्रमांक द्या. मग विचारा, न सांगता गृहीत धरलेलं काय आहे? हा छोटा युक्तिवाद बघा: ‘यंत्राला जे जमतं त्याला विचार लागत नाही. बुद्धिबळ यंत्राला जमतं. म्हणून बुद्धिबळाला विचार लागत नाही.’ रचना निर्दोष आहे. दोन्ही आधारविधानं मान्य केली तर निष्कर्ष मानावाच लागेल. म्हणजे ‘मला निष्कर्ष पटत नाही’ म्हणून भागणार नाही, कुठलं आधारविधान नाकारता ते सांगा. दुसरं तर उघड खरं आहे. पहिलं नाकारायचं तर कारण असं: यंत्रं विचार करत नाहीत, हे त्यात आधीच धरून ठेवलंय आणि वाद तर त्याचाच आहे. युक्तिवादाची रचना वैध असणं आणि त्याची आधारविधानं खरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक बोलताना नीट पाळलात तर समोरच्यांच्या लगेच लक्षात येतं.

आक्षेप आला की

तीन प्रतिसाद संभवतात आणि कुठला देताय ते आधी सांगून टाकावं. आक्षेप मान्य: ‘हे लागू पडतं, म्हणून मी दावा थोडा आवळतो.’ फरक दाखवणं: ‘ते उदाहरण या बाबतीत वेगळं आहे.’ किंवा नाकारणं: ‘परिणाम विचित्र वाटतो हे खरं, पण मी तो स्वीकारतो, कारण…’ तिन्ही करून दाखवणारा विद्यार्थी उठून दिसतो. दर आक्षेपाला मान डोलावणारा आणि कशालाच न हलणारा, दोघेही सारखेच अडचणीत येतात. मुलाखतकार अनेकदा स्वतःला न पटणारी बाजूही लढवतात. त्यांचा चेहरा वाचून मत बदलायला जाल तर फसाल.

काही वाक्यं तर टाळाच. ‘प्रत्येकाचं मत वेगळं असतं’ हे खरं आहे, पण त्याने कुठलं मत बरोबर हे ठरत नाही. ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ म्हटलंत तर कशावर आणि कसं, हे लगेच जोडा. ‘शब्दकोशात असं दिलंय’ हा युक्तिवाद नव्हे. आणि मोठ्या तत्त्वज्ञाचं नाव फेकलंत की पुढचा प्रश्न हमखास येतो: ‘ते असं का म्हणतात?’

विचाराला वेळ लागत असेल तर तसं सांगून वीस-तीस सेकंद गप्प बसा. न सांगता गप्प बसलात तर तुम्ही अडलात की विचार करताय, ते समोरच्याला कळत नाही. प्रश्न समजला नाही तर आपल्या शब्दांत मांडून ‘असंच विचारायचंय ना?’ असं विचारून घ्या. त्याने गुण जात नाहीत.

सराव मुलाखत

पाच-सहा तरी घ्या, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या. समोरच्या माणसाला तत्त्वज्ञान येण्याची गरज नाही. त्याने चारच प्रश्न आलटून पालटून विचारायचे: म्हणजे नेमकं काय? असं का? याला अपवाद सुचतो का? मग त्या दुसऱ्या प्रसंगातही हेच म्हणाल का? ओळखीच्यांपेक्षा अनोळखी माणूस बरा, कारण घरचे लोक अडवत नाहीत. मुलाखत ज्या भाषेत होणार त्याच भाषेत सराव करा. विचार एका भाषेत आणि बोलणं दुसऱ्या भाषेत असेल तर ‘जर–तर’, ‘केवळ’, ‘तरच’ हेच शब्द आधी घसरतात आणि युक्तिवादाचा अर्थच बदलतो. ध्वनिमुद्रण करा. ऐकताना किती छान बोललो ते पाहू नका. कुठल्या आक्षेपाला उत्तर न देता विषय बदललात, तेवढं टिपून ठेवा.

अर्जासोबतचं निवेदन मुलाखतीआधी पुन्हा वाचा. त्यात उल्लेखलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी अर्धं पान पुरेल: मुख्य युक्तिवाद तीन-चार वाक्यांत, त्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि तुमचा निकाल. जे पूर्ण वाचलेलं नाही ते निवेदनात घालूच नये. घालून बसला असाल तर निदान एक प्रकरण नीट वाचा आणि विचारल्यास ‘तेवढंच वाचलंय’ असं सांगा. वाचायचंच तर दहा पुस्तकं चाळण्यापेक्षा एक छोटा मूळ ग्रंथ दोनदा वाचा: प्लेटोचा एखादा लहान संवाद, किंवा देकार्तच्या १६४१ मधल्या ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथातल्या सहा चिंतनांपैकी पहिली दोन. दुसऱ्या वाचनात समासात फक्त आक्षेप लिहा.

ऑक्सफर्डला पदवीच्या पातळीवर नुसतं तत्त्वज्ञान घेता येत नाही. ते राज्यशास्त्र-अर्थशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, भाषा अशा विषयांच्या जोडीनेच येतं. त्यामुळे जोडविषयाचे प्रश्नही येणार हे धरून चाला. अर्थशास्त्र असेल तर आलेख काढायला सांगतील, गणित असेल तर सिद्धता.

मुलाखत ऑनलाइन असेल तर कोरे कागद, जाड रेघेचं पेन आणि पाणी हाताशी ठेवा. पडद्यावर लिहायची सोय दिली असेल तर आदल्या दिवशी वापरून बघा. इतर खिडक्या बंद करा. नजर वाचल्यासारखी बाजूला वळली की लगेच दिसतं. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असा प्रश्न येईल. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळेल असं काही विचारू नका. मघाच्या चर्चेतलं काही अजून खटकत असेल तर ते विचारा. नसेल तर ‘नाही, धन्यवाद’ एवढं म्हणून उठलात तरी चालतं.