एल-आर्जिनिनचा डबा मागवायच्या आधी हे बघून घ्या

कोलेस्टेरॉल वाढलंय म्हटलं की जिममधलं कुणीतरी सांगतंच, आर्जिनिन घे रे, नसा मोकळ्या होतात (आर्जिनिन म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो अॅसिड, पावडर नाहीतर कॅप्सूलमध्ये मिळतं). अगदीच थाप नाहीये ती, पण अर्धीच गोष्ट आहे. म्हणून आधी लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट काढा आणि एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा बघा. आर्जिनिन काही तो आकडा खाली आणत नाही, त्याला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) आणि पथ्यच लागतं, आणि गोळी बंद करून पावडर चालू करणं म्हणजे निव्वळ येडेपणा.

मग ते करतं काय? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि त्यानं वाहिनी सैल पडते (नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय). एलडीएल वाढलं की अस्तर बिघडतं, त्यात एडीएमए म्हणून आर्जिनिनचा एक तोतया रक्तात वाढतो, तो नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमवरची आर्जिनिनची जागा अडवून बसतो, मग वरून भरपूर आर्जिनिन ओतलं तर तोतया बाजूला होईल अशी सगळी आयडिया. १९९६ च्या एका छोट्या अभ्यासात कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या तरुण लोकांना ७ ग्रॅम दिवसातून ३ वेळा, असं ४ आठवडे दिलं, तर हाताची धमनी खरंच जास्त फुलायला लागली. पण दिवसाला २१ ग्रॅम हो! ५०० मिलिग्रॅमच्या ४२ कॅप्सूल झाल्या. आणि धमनी फुलली म्हणजे अटॅक टळला असं त्यात कुणी मोजलेलं नाही.

हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हा नाद सोडाच. अमेरिकेत अशा १५३ पेशंटवर ट्रायल झाली, ३ ग्रॅम ३ वेळा, फायदा काही दिसला नाही, उलट आर्जिनिनवाल्यांत ६ जण दगावले आणि नुसती औषध नसलेली खोटी पावडर घेणाऱ्यांत एकही नाही, ट्रायल मध्येच थांबवली. हे २००६ ला छापून आलंय.

बीपीची गोळी, नायट्रेट (छातीतल्या दुखण्यावरचं औषध) किंवा सिल्डेनाफिल (वायाग्रा) चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा उघडू पण नका, बीपी धपकन खाली येऊ शकतं. डॉक्टर हो म्हणाले तर थोड्यापासून सुरू करा, एकदम जास्त घेतलं की पोट बिघडून जुलाब लागतात. लेबलवर एचसीएल (म्हणजे आर्जिनिनचा हायड्रोक्लोराइड क्षार) लिहिलंय का तेही बघा, त्यात खरं आर्जिनिन साधारण ८३ टक्केच असतं.

आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात तसंही ३ ग्रॅमच्या आसपास आर्जिनिन असतंच, फक्त खारे नको, भाजलेले मूठभर घ्या.