ठोक्याचं तोंड उडवू नका

लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा रेकॉर्ड केलेला ठेका, कापून नवा बीट करायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी वाटतं, जमलं. मला तर दीड महिना तसं वाटत होतं.

स्लाइस म्हणजे कापलेला तुकडा, आणि पॅडवर (दाबलं की एकेक तुकडा वाजवणारं बटण) हे तुकडे कसे टाकायचे हे तुम्हाला येतं असं धरतो. एबलटनचा सिम्प्लर घ्या नाहीतर एफएल स्टुडिओचा स्लाइसेक्स, सुरी कुठलीही चालते. 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ' यात महिनाभर घोळ घालणारे पाहिलेत. मीही त्यातलाच.

ओळखीच्या एका ढोलकीवाल्या दादांचा ठेका घरीच रेकॉर्ड केला. टेम्पो मिनिटाला १००, म्हणजे एक बीट (इथे मात्रा) ६०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा हिस्सा १५०. असे चार बीट म्हणजे एक बार, आणि या समान हिश्श्यांच्या रेघा म्हणजे ग्रिड. क्लासमधले सर म्हणायचे, ''ग्रिडवर काप, बारचे सोळा समान तुकडे, विषय संपला.'' कापले. वाजवून पाहिलं. लोण्यासारखं! मग तुकडे उलटसुलट लावले आणि सगळा चिखल. कुठे ठोका बोथट, कुठे तुकड्याच्या शेवटी उगाच 'टक्'. कंप्रेसर लावला, ईक्यू फिरवला, हेडफोनला शिव्या घातल्या. शेवटी दादांना ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, ''माझं बोट कुठे गेलं रे?''

बोट खरंच गेलं होतं. वादक काही यंत्र नसतो. त्यांचा एक ठोका ग्रिडच्या १२ मिलिसेकंद आधी पडला होता. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नोंदी धरल्या तर, हे सुमारे ५३० सँपल (नोंदी). ग्रिडवर सुरी चालली की ठोक्याचं हे पहिल्या १२ मिलिसेकंदांचं तोंड आधीच्या तुकड्याच्या शेपटीला चिकटतं. बोट पुडीवर आपटतानाचा कडक 'ट' नेमका तिथेच असतो, आणि ठोक्याच्या स्वतःच्या तुकड्यात उरते नुसती घुम. खरी मेख पुढे आहे: मूळ क्रमाने वाजवलं की तोंड आणि धड पुन्हा जुळतात, त्यामुळे चूक ऐकूच येत नाही. पुन्हा सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. मूळ क्रमाने वाजवून तपासलेलं काम तपासलेलंच नसतं. एकेक पॅड सुटा दाबा. शेवटी 'टक्' ऐकू आलं की तो पुढच्या ठोक्याचा चोरलेला तुकडा समजा.

ग्रिड सोडा, ट्रान्झियंटवर, म्हणजे ठोक्याचा आवाज अचानक उसळतो तिथे, कापा. तेही डोळे मिटून नको. सॉफ्टवेअर किती हलके ठोके पकडतं ती सेन्सिटिव्हिटी फार वाढवली की बोटांची हलकी टिकटिकसुद्धा वेगळा ठोका म्हणून कापली जाते. प्रत्येक खूण झूम करून बघा आणि ठोका उसळण्याच्या किंचित आधी, लहर शून्यरेषा ओलांडते तिथे न्या. कापल्या जागी येणारी क्लिक लपवायला पाच मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज शून्यापासून चढवणं) देऊ नका, त्यात ठोका परत बोथट होतो. सोळा खुणा हाताने सरकवायला कंटाळा येतो, मान्य. पण हे काम कान तयार व्हायच्या आधीच जमतं, नुसते डोळे आणि चिकाटी पुरते. 'पाच मिनिटांत बीट' छाप व्हिडिओ मात्र बंद करा.

आणि वादकाला पैसे द्या, हे माझं जरा हट्टाचं मत. 'अमेन, ब्रदर' या १९६९ च्या गाण्यात ग्रेगरी कोलमनने वाजवलेले चार बार जगभर कापले गेले, 'जंगल' नावाचा अख्खा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार त्यावर उभा राहिला, पण त्याला त्याची रॉयल्टी कधी मिळाली नाही. तो २००६ मध्ये गेला. आपण निदान ओळखीच्या माणसाला तरी फुकटात वाजवायला लावू नये.

डाव्या हाताची घुम पुढच्या ठोक्यावर सांडते, त्यावर मात्र सुरी चालत नाही. मी त्यासाठी दादांकडून सुटे ठोके वेगळे वाजवून घेतो, प्रत्येक पूर्ण विरेपर्यंत. परवा मध्येच कुकरची शिट्टी झाली. तेवढा एक ठोका अजून राहिलाय.