हालस्टाटचा एक दिवस, आणि शेवटची लाँच

हालस्टाटला जायचं ठरवलंत की सगळ्यात आधी शेवटच्या लाँचची वेळ बघा. गाडीची नंतर. पहिल्या खेपेला मी उलटं केलं होतं. परतीच्या गाड्या रात्रीपर्यंत आहेत हे पाहून निर्धास्त झाले, आणि संध्याकाळी आईला घेऊन धक्क्यावर आले तर लाँच बंद. स्टेशन समोरच दिसत होतं, तळ्याच्या पलीकडे. मध्ये नुसतं पाणी.

ऑस्ट्रियातल्या या गावाची गंमत अशी की गाव तळ्याच्या पश्चिम काठावर आणि रेल्वे स्टेशन पूर्वेच्या. गाडीतून उतरलात की पायवाटेने खाली धक्क्यावर यायचं आणि दहा मिनिटांत पलीकडे. लाँच गाड्यांच्या वेळा धरून सुटते, त्यामुळे जाताना काही विचार करावा लागत नाही. पण उशिराच्या गाड्यांना ती नसते. धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा. लाँचचं तिकीट रेल्वेच्या तिकिटात धरलेलं नसतं, ते वेगळं काढायचं, आणि त्यासाठी रोख युरो जवळ असू द्या.

साल्झबुर्गहून निघणार असाल तर आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. सगळे मिळून सव्वादोन ते अडीच तास. बसनेही जाता येतं, पण मी रेल्वेचाच आग्रह धरीन, कारण १८७७ साली सुरू झालेला हा फाटा तळ्यांच्या अगदी कडेकडेने जातो. गाडी बदलल्यावर तोंड पुढे करून डाव्या खिडकीशी बसा: ग्मुंडेननंतर ट्राउनझे लागतं, १९१ मीटर खोल, ऑस्ट्रियातलं सगळ्यात खोल तळं. मग श्टेग स्टेशन गेलं की उठून उजवीकडे या, कारण हालस्टाटचं तळं त्या बाजूला येतं. आईने हे मधल्या डब्यात जागा बदलणं फार मनावर घेतलं होतं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणत ती सगळ्यात आधी उठली.

पहाटेची गाडी धरा. गर्दी हे एक कारण आहेच. गावात राहणारी माणसं साडेसातशेच्या आसपास, आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत. त्रास इतका वाढला की २०२० पासून पर्यटक बसना आधी वेळ राखून यावं लागतं. पण मला दुसरं कारण जास्त पटतं: गावाच्या पाठीशी पश्चिमेला सरळ उभा डोंगर आहे. सकाळचं ऊन तळ्यावरून थेट घरांच्या तोंडावर पडतं, दुपार कलली की डोंगराची सावली गावावर येते. थंडीच्या दिवसांत तर फारच लवकर. जे दुपारी तीनला येतात ते म्हणतात, फोटोत होतं तसं दिसलं नाही.

तो फोटो कुठून काढतात ते विचारायची गरज नाही, माणसं ज्या दिशेने चालली आहेत तिकडे जा. गावाच्या उत्तर टोकाला एक वळण आहे, तिथून टोकदार मनोरा, घरं आणि पाणी एका चौकटीत येतात. पंधरा मिनिटं पुरेत. तिथे लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा आवाज हळू. चीनने २०१२ साली ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब नक्कल उभारली ती हेच दृश्य बघून. घरं आणि मनोरा त्यांनी उभा केला, पण पुढे सांगते त्या दोन गोष्टी नक्कल करता येण्यासारख्या नाहीत.

पहिली, वरच्या कॅथलिक चर्चमागची अस्थींची कोठडी. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर थांबत थांबत चढा. डोंगर आणि पाण्याच्या मध्ये दफनाला जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी जुनी थडगी उकरून नव्या माणसाला जागा करून द्यायची रीत पडली. काढलेल्या कवट्या धुऊन उन्हात पांढऱ्या व्हायला ठेवत आणि मग त्यांवर नाव, तारीख, पानाफुलांच्या माळा रंगवत. अशा बाराशेच्या वर कवट्या आहेत, त्यांतल्या सहाशेवर रंगवलेल्या. घराण्यांप्रमाणे ओळीने मांडल्यात. क्रुसाजवळची सोन्याच्या दाताची कवटी शोधा: ती बाई १९८३ साली वारली, आणि तिच्याच इच्छेप्रमाणे १९९५ साली इथे आली. आई म्हणाली, “निदान सगळे एका खोलीत तरी आहेत.” मला वाटलं होतं ती घाबरेल.

दुसरी गोष्ट मीठ. साल्झबुर्ग म्हणजे मिठाचा गड, आणि हे गावही मिठाच्या जिवावरच उभं राहिलं. डोंगरात सात हजार वर्षांपासून मीठ काढतात. १८४६ पासून योहान गेओर्ग रामझाउअर या खाणीवरच्या अधिकाऱ्याने वर जुनी थडगी खणून काढली, हजाराच्या जवळपास. तिथे निघालेल्या वस्तूंमुळे युरोपातल्या लोहयुगाच्या आरंभीच्या काळाला हालस्टाट संस्कृती असं नाव मिळालं. खाणीत एक लाकडी जिना जपून ठेवलाय, इसवी सनापूर्वी १३४४ सालच्या सुमाराचा. मिठात मुरल्यामुळे लाकूड कुजलंच नाही.

खाण बघायची तर वर जाणं-येणं धरून तीन तास बाजूला काढा. वर नेणारी डोंगररेल्वे त्या दिवशी चालू आहे ना हे आधी बघून घ्या. आत बारा महिने आठ अंश तापमान असतं. जुलैतही स्वेटर लागतो. चार वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंडीवरून खाली जायला मिळतं. भीती वाटली तर शेजारी जिना आहे, मी तोच घेतला.

खाण आणि अस्थी दोन्ही करणार असाल तर खाण आधी. दुपारी खाली उतरून चर्च, मग बाजारचौक. भिंतीला चिकटवून सपाट वाढवलेली झाडं तिथे बघा. दुकानांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही, मीठ सगळीकडे मिळतं. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, खाण्याचं सोबत न्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

आणि लाँच चुकलीच तर? तळ्याचं दक्षिण टोक वळसा घालून ओबरट्राउन नावाचं पुढचं स्टेशन आहे, तिथलं गाव आणि स्टेशन पाण्याच्या एकाच बाजूला. हालस्टाटच्या दक्षिणेकडच्या लान भागातून तिकडे बस जाते. बस नसेल तर चालत तासभर, रस्ता जवळपास सपाट. आम्ही चालत गेलो. आई मला काही बोलली नाही, फक्त प्रत्येक वळणावर थांबून विचारत होती, “हेच का स्टेशन?” गाडीला वीस मिनिटं बाकी असताना पोचलो.