हंगामाआधी ट्रॉलीच्या लाईटची तयारी

खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घातला की ट्रॉली दुरुस्तीला काढायची, ही आमच्याकडची रीत. टायर, हूक, पाटे सगळं बघून होतं. लाईटची वायर मात्र उसाची पहिली खेप निघायच्या आदल्या रात्री आठवते. तेव्हा उद्यमनगरातली दुकानं बंद झालेली असतात. म्हणून सामान आधीच आणून ठेवा.

पण दुकानात जायच्या आधी ट्रॅक्टरचेच लाईट लावून बघा. ब्रेकचा स्विच मेलेला असला तर ट्रॉलीला सोन्याची वायर ओढून उपयोग नाही. फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर, किती वॉट लिहिलंय तेही वाचून घ्या. ट्रॅक्टरचे एका बाजूचे २१ वॉटचे दोन बल्ब आणि ट्रॉलीचा एक, असे ६३ वॉट होतात. मागं आणखी एक जोड ट्रॉली असेल तर ८४. जुन्या फ्लॅशरला हे झेपत नाही.

मग केबलचं माप. सुतळी घेऊन ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून दांड्यावरून थेट मागच्या लाईटपर्यंत धरा, आणि हे माप ट्रॅक्टर पूर्ण वळवून घ्या. सरळ उभ्या गाडीवर मोजलेली केबल फडाच्या बांधावर पहिल्याच वळणाला तुटते. सात तारांची केबल, सेव्हन-पिन प्लग आणि झाकणाचं सॉकेट घ्या. लाईटला दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, अर्थला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, अडीचची असू द्या. प्रचलित रंग असे: डावा इंडिकेटर पिवळा, उजवा हिरवा, ब्रेक लाल, अर्थ पांढरा, मागचा साधा लाईट डावा काळा, उजवा तपकिरी. निळी तार जादाची. आधीच्या मिस्त्रीनं रंग पाळलेत असं मात्र धरून चालू नका. टेस्ट लॅम्प लावून एकेक पिन बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

अर्थबद्दल जरा जास्त बोलतो, कारण त्यात माझा अर्धा दिवस गेलाय. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मंद पेटायचे. स्विच बदलला, बल्ब बदलले, काही फरक नाही. शेवटी लाईटचा नट सोडला तर खाली नवा कोरा रंग, चकचकीत. पत्र्याला अर्थ लागतच नव्हता, म्हणून करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधत होता. तेव्हापासून पॉलिश पेपर सामानात पहिला. रंग खरवडून लोखंड पांढरं दिसलं पाहिजे. वर लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, दाबून बसवायचा, मग ग्रीस. हुकाच्या पिनेतून अर्थ मिळतो म्हणणारे खूप भेटतील. मिळतो, पण खड्ड्याखड्ड्याला तुटतो. पांढरी तार थेट ट्रॅक्टरपर्यंत न्या.

लाईट फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर, बसवू नका. फाळका रोज उघडतो, तार रोज वाकते. खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर जागा बघा. तिथं मागं लोंबणाऱ्या वाड्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, लाईट झाकला जातो का, तेही पाहा. झाकला जात असेल तर आणखी खाली. मागं लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लागतेच, पण ती ब्रेक लागल्याचं सांगत नाही.

बाकी किरकोळ: क्रिंपिंगची पक्कड, स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, केबल टाय, फ्यूज, दोन फिलामेंटचे चार जादा बल्ब. तार भोकातून नुसती ओढली तर पत्रा ती कापतो, ग्रोमेट त्यासाठी. वेल्डिंगचं काम राहिलं असेल तर ते आधी उरका, आणि तेव्हा प्लग काढलेला असू द्या. नाहीतर वेल्डिंगचा करंट बारक्या अर्थमधून जाऊन तार जळते.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, जोडताना ती शेवटी. दिवस मावळल्यावर घरातल्या कुणाला तरी पेडलवर बसवा आणि स्वतः मागं वीस पावलं जाऊन उभे राहा. ब्रेक, डावा, उजवा, मग ब्रेक दाबून डावा. हा चौथा पुकारा विसरू नका, अर्थची लबाडी तिथंच सापडते.