एअरस्पीडच्या हिशेबातील या चुका टाळा

क्रॉस-कंट्री उड्डाणाचे नियोजन करताना विद्यार्थी वैमानिक हमखास करतो ती चूक म्हणजे डायलवर दिसणारा इंडिकेटेड एअरस्पीड घेऊन सरळ अंतराचा भागाकार करणे. 8,000 फुटांवर बाहेरचे तापमान 10 अंश सेल्सिअस असताना काटा 100 नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) असेल, तर विरळ हवेमुळे ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेच्या तुलनेत विमानाचा खरा वेग, 115 नॉटच्या आसपास असतो. काही जण एवढे गणित करतात आणि तिथेच थांबतात. समोरून 20 नॉटचा वारा असेल, तर ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, 95 नॉटच उरतो आणि 230 नॉटिकल मैलांना दोन तासांऐवजी सुमारे 2 तास 25 मिनिटे लागतात. ताशी 35 लिटर खप धरला, तर जवळजवळ 15 लिटर इंधन जादा जाते, आणि ते हिशेबात धरलेले नसल्यामुळे राखीव साठ्यालाच हात लागतो.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांहून उंच आहे. अशा ठिकाणी उतरताना जमीन झपाट्याने मागे पळताना दिसते, जीपीएसवरचा आकडाही मोठा असतो, आणि हात नकळत थ्रॉटल मागे घेतो. पंखाला मात्र हवेचा गतिज दाबच (हवेच्या वेगामुळे पडणारा दाब) कळतो, आणि काटाही तोच मोजतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाला स्टॉलचा (पंखाची उचल एकदम कोसळण्याचा) इंडिकेटेड वेग समुद्रसपाटीवर असतो जवळपास तेवढाच इथेही राहतो. ॲप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा, इंडिकेटेड वेग बदलू नये. वाढवायचे ते धावपट्टीच्या लांबीचे गणित.

कॅलिब्रेटेड एअरस्पीडकडे, म्हणजे मापनातील चूक दुरुस्त केलेल्या इंडिकेटेड वेगाकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कमी वेगात, नाक वर असताना, सेसना 172सारख्या विमानात काटा काही नॉट कमी दाखवू शकतो. म्हणून ॲप्रोचसाठी स्टॉलच्या वेगाची 1.3 पट काढायची असेल, तर ती कॅलिब्रेटेड आकड्याची काढावी आणि मग विमानाच्या हँडबुकातील तक्त्यावरून इंडिकेटेडमध्ये आणावी.

काटाच खोटा बोलत असेल, तर ही सारी आकडेमोड व्यर्थ ठरते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी पिटो नळी पूर्ण बुजली की आत कोंडलेला दाब तसाच राहतो, बाहेरचा स्टॅटिक दाब (भोवतालच्या हवेचा दाब) उंचीबरोबर घटत जातो, आणि चढताना वेग वाढल्याचा भास होतो. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील प्वेर्तो प्लाताहून निघालेल्या बिर्गेनएअर या तुर्की कंपनीच्या बोइंग 757 विमानात असेच घडले आणि 189 जणांचा जीव गेला. आपला काटा चालत नसल्याचे कॅप्टनच्या लक्षात आले होते ते धावपट्टीवर विमान धावत असतानाच.