अपंगत्व पेन्शनचं अपील करताय? या चुका टाळा

दावा फेटाळल्याचं पत्र आलं की आपल्याकडचा माजी सैनिक आधी आमदाराचं घर गाठतो, मग पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात निवेदन देतो. फोटो निघतो, कागद कुठे जातो देव जाणे. निवेदन म्हणजे अपील नव्हे. पहिलं अपील सहा महिन्यांत, आपली सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. तेही फेटाळलं तर दुसरं, पुन्हा सहा महिन्यांत. आपल्या सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रांना मदत करतं, निर्णय मात्र त्यांच्या हातात नसतो. उगाच त्यांच्यावर चिडू नका.

देवगडकडचे एक हवालदार. रक्तदाब, अपंगत्व 30 टक्के, पण लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाचा शेरा असा की आजार सेवेमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. पत्र आलं चतुर्थीच्या तोंडावर. 'गणपती होऊ देत' म्हणाले. मग कलमांची फवारणी, मग आंब्याच्या पेट्या. पावसाळ्यात माझ्याकडे आले तेव्हा मुदत कधीच टळली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येतो, पण त्यात कारण काय लिहिणार? हापूसचा सीझन?

त्यांचा मसुदा त्याहून भारी. तीन पानं पराक्रम, आईचं आजारपण, शेवटी 'न्याय मिळावा ही नम्र विनंती'. रक्तदाबावर एक ओळ नाही! मी सगळं खोडलं. माझी पद्धत सोपी आहे: फेटाळण्याचं कारण कागदाच्या वर उतरवायचं आणि खाली फक्त त्याचं उत्तर. भरतीच्या तपासणीत आजार नोंदला होता का? पहिल्यांदा कधी आढळला, तेव्हा पोस्टिंग कुठे होतं? बोर्डाने आपल्या मताची कारणं दिली आहेत का? भरतीवेळी नोंद नसेल तर सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल कामी येतो: अशा वेळी आजार सेवेमुळेच झाला असं धरून चालायचं. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, तिथे हाच निकाल डोळे मिटून चिकटवू नका.

मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत हातात नसताना अपील लिहायला बसू नका. ती माहिती अधिकारात मागवा. धीर नसेल तर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

व्हॉट्सॲपवरचा तयार नमुना वापरू नका. एकाच्या अर्जात तर भलत्याच रेजिमेंटचं नाव तसंच राहिलं होतं. थकबाकीत टक्का मागणारा एजंट दिसला की दार लावून घ्या. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर अपील कशाला, संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर दुरुस्ती मागा.

अपील टाकून वर्षानुवर्षं वाट बघत बसणारेही खूप. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं, पण पुढच्या सहा महिन्यांतच. त्यानंतर तिथेही उशीरमाफी मागावी लागते. मिळाली तरी थकबाकी सहसा अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते.

आणि पत्र आलेलं पाकीट चुलीत घालू नका. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख लागते.